सेंट्रल पार्कातली पानगळ : झाडं लाल का होतात, आणि त्या झाडांखाली कोणाचं गाव होतं?

मंडळी, ऑक्टोबर संपत आला की आपल्या फोनवर एक फोटो हमखास येतो. न्यू जर्सीतला आतेभाऊ किंवा शिकायला गेलेली कॉलेजची मैत्रीण, डोक्यावर लोकरी टोपी, हातात कॉफीचा कागदी ग्लास आणि मागे पेटल्यासारखी लाल-पिवळी झाडं. खाली लिहिलेलं असतं, 'फॉल कलर्स!' आपण इकडे ऑक्टोबर हीटमध्ये पंखा पाचवर ठेवून बसलेलो असतो. फोटोला एक बदाम देतो आणि पुढे सरकतो.

पण जरा थांबून विचार केलात तर प्रश्न पडतो. तिकडे ज्याला 'ऑटम' म्हणतात त्याला शाळेत आपण 'शरद ऋतू' असं भाषांतर करून शिकलो. शरद तर आपल्याकडेही त्याच वेळी चालू असतो. मग आपल्याकडे एकही झाड लाल का होत नाही? आणि तिकडची झाडं सगळी मिळून एकाच महिन्यात कपडे का उतरवतात?

याचं उत्तर शोधायला जगातल्या बहुधा सगळ्यात जास्त फोटो काढल्या गेलेल्या बागेतून, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातून, एक चक्कर मारू. जाता जाता या बागेची एक अशी गोष्टही समजून घेऊ जी त्या सुंदर फोटोंमध्ये कधीच दिसत नाही.

आधी अंदाज घ्या, बाग केवढी आहे

सेंट्रल पार्क ८४३ एकरांवर पसरलंय. आपल्या दादरचं शिवाजी पार्क साधारण २८ एकरांचं. म्हणजे एका सेंट्रल पार्कात तीस शिवाजी पार्क बसतील. मॅनहॅटन बेटाच्या मधोमध हा एक लांबट आयत आहे. दक्षिणेला ५९वा रस्ता, उत्तरेला ११०वा रस्ता, लांबी चार किलोमीटर आणि रुंदी जेमतेम पाऊण किलोमीटर. आत अठरा हजारांहून जास्त झाडं आहेत.

एवढ्या बागेत माणूस हरवणारच. त्यासाठी एक युक्ती सांगून ठेवतो, कुणी तिकडे गेलात तर उपयोगी पडेल. बागेतल्या प्रत्येक दिव्याच्या खांबावर एक आकडा असतो. त्यातले सुरुवातीचे अंक वाचा, तो जवळच्या रस्त्याचा नंबर. शेवटचा अंक सम असेल तर तुम्ही बागेच्या पूर्वेकडच्या बाजूला आहात, विषम असेल तर पश्चिमेकडच्या. मोबाईलला रेंज नसली तरी खांब असतोच.

आणि आता एक धक्का. ही बाग 'निसर्गरम्य' असली तरी निसर्गाने केलेली नाही. तळी, ओढे, धबधबे, टेकड्यांचे उतार, जंगल वाटणारं जंगल हे सगळं माणसांनी आखून केलेलं आहे. खरी जुनी गोष्ट एकच, ती म्हणजे मधूनमधून डोकं वर काढणारे काळे चकाकते कातळ. १८५७ मध्ये बागेच्या आराखड्यासाठी स्पर्धा जाहीर झाली, ३३ आराखडे आले आणि १८५८ मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स या दोघांचा 'ग्रीन्सवॉर्ड' नावाचा आराखडा निवडला गेला. सुरुंग लावून खडक फोडले, दलदल उपसली, बाहेरून गाड्या भरभरून माती आणली. काम १८७६ पर्यंत चाललं.

या दोघांची सगळ्यात हुशार कल्पना तुम्हाला दिसतच नाही. शहराची वाहतूक बागेतून आरपार जायलाच हवी होती. त्यांनी असे चार आडवे रस्ते जमिनीच्या पातळीखाली, खोल चर खणून नेले. वर तुम्ही फिरत असता आणि पायाखालून टॅक्स्या, बस जात असतात. मोटारगाडी अजून जन्मालाही आली नव्हती तेव्हा केलेली ही सोय आहे!

चला, दक्षिणेच्या कोपऱ्यातून आत शिरू

नोव्हेंबरचा पहिला आठवडा आहे असं समजा. शहराच्या उत्तरेला असलेल्या डोंगराळ भागात रंग ऑक्टोबरातच येऊन जातात. मॅनहॅटन मात्र समुद्राला लागून, शिवाय सिमेंटने तापलेलं. त्यामुळे इथे ऐन बहर नोव्हेंबर उजाडल्यावरच असतो. पाहुणे मंडळी बऱ्याचदा सप्टेंबरच्या शेवटी तिकीट काढतात आणि हिरवीगार बाग बघून हिरमुसतात.

५९व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक छोटं तळं आहे आणि त्यावर दगडी पूल. तुम्ही हॉलिवूडचा सिनेमा पाहिला असेल तर हा पूल ओळखीचा वाटेल. पुलाजवळ उभं राहून एकच झाड नीट बघा. वरच्या शेंड्याची, उन्हातली पानं लाल आणि आतली, सावलीतली पानं पिवळट. एकाच झाडावर दोन रंग कसे?

इथेच रंगांचं गणित कळतं.

पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे, हे आपण पाचवीत शिकलो. जे शिकलो नाही ते असं, की हरितद्रव्य टिकाऊ नसतं. उन्हात ते सतत मोडत असतं आणि झाड ते सतत नव्याने बनवत असतं. उन्हाळाभर हे चालू असतं म्हणून पान हिरवं राहतं. दिवस लहान होऊ लागले की झाडाला इशारा मिळतो, की आता दुकान आवरायची वेळ आली. मग झाड नवीन हरितद्रव्य बनवणं थांबवतं. नुसतं थांबवत नाही, तर पानात गुंतवलेला नायट्रोजन आणि फॉस्फरससारखा किमती माल मोडून, विरघळवून फांदीत आणि खोडात परत ओढून घेतं. घर सोडताना आपण पंखे, बल्ब, पडदे काढून घेतो ना, तसंच.

हिरवा रंग गेला की मागे लपलेला पिवळा आणि नारिंगी दिसू लागतो. गाजराला जो रंग देतात त्याच कुळातली ही रंगद्रव्यं आहेत. म्हणजे पिवळं पान 'पिवळं होत' नाही, ते आधीपासून पिवळंही होतंच. हिरव्याने त्याला झाकलं होतं इतकंच.

लाल रंगाची गोष्ट मात्र वेगळी. तो आधीपासून नसतो. तो मरणाच्या दारात उभं असलेलं पान मुद्दाम, नव्याने बनवतं! जांभळाला आणि लाल कोबीला रंग देणारं जे द्रव्य, त्याच जातीचं हे द्रव्य. ते पानात अडकलेल्या साखरेपासून बनतं आणि त्याला ऊन लागतं. म्हणून शेंड्याची पानं लाल आणि सावलीतली पिवळी. म्हणूनच दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री थंडी, पण गोठवणारी नाही, असं हवामान लागलं तर त्या वर्षी रंग भन्नाट येतात. ढगाळ, पावसाळी ऑक्टोबर गेला तर लाल रंग मळकट राहतो.

आता तुम्ही विचाराल, की दोन आठवड्यांत गळून पडणाऱ्या पानावर झाड एवढा खर्च का करतं? यावर शास्त्रज्ञांमध्ये आजही वाद आहेत. एक गट म्हणतो, हा छत्रीचा प्रकार आहे. हरितद्रव्य मोडत असताना पान उन्हाला फार नाजूक झालेलं असतं, लाल रंग त्याला सावली देतो आणि तोवर झाड आपला माल परत नेतं. दुसरा गट म्हणतो, हा किड्यांना दिलेला इशारा आहे, की 'या झाडावर अंडी घालायला येऊ नका, हे झाड धट्टंकट्टं आहे'. मला स्वतःला पहिलं म्हणणं जास्त पटतं. पण दुसरं म्हणणाऱ्यांत डब्ल्यू. डी. हॅमिल्टनसारखा उत्क्रांतीशास्त्रातला दिग्गज होता, तेव्हा आपण गप्प बसलेलं बरं.

पान गळत नाही, झाड ते टाकतं

मराठीत आपण 'पान गळलं' म्हणतो. जसं काही त्याचं त्यालाच सुटून पडावंसं वाटलं. प्रत्यक्षात हे झाडाने ठरवून केलेलं काम असतं. देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे झाड पेशींचा एक पातळ थर तयार करतं. हा थर हळूहळू सैल होतो, फांदीच्या बाजूची जखम आधीच बुचासारख्या पेशींनी बंद झालेली असते, आणि मग वाऱ्याची एक झुळूक पुरते.

खरं-खोटं करायचं असेल तर एक सोपा पुरावा आहे, तो आपल्या गल्लीतही बघायला मिळेल. भर पावसाळ्यात मोडून लटकत राहिलेली फांदी बघा. तिची पानं वाळून तपकिरी होतात, पण महिनोन्‌महिने फांदीला चिकटून राहतात. मेलेली फांदी पान टाकू शकत नाही, कारण टाकणं हे जिवंत झाडाचं काम आहे.

पण टाकायचंच कशाला? थंडीत जमीन गोठते, मुळांना पाणी मिळत नाही, पानांतून मात्र पाणी उडत राहतं, हे एक कारण. दुसरं कारण न्यूयॉर्कने २९ ऑक्टोबर २०११ ला डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी अवेळी बर्फ पडलं. सेंट्रल पार्कात फक्त २.९ इंच, पण १८६९ पासूनच्या नोंदींमध्ये ऑक्टोबर महिन्यातलं ते सगळ्यात जास्त. झाडांवर पानं तशीच होती. ओलं, जड बर्फ एकेका पानावर साचलं आणि वजनाने फांद्या कडाकड मोडल्या. बागेतल्या शेकडो झाडांची मोडतोड झाली. एरवी जानेवारीत याच्या कितीतरी पट बर्फ पडतं आणि या झाडांना ढिम्म काही होत नाही, कारण तेव्हा बर्फाला साचायला पानच नसतं.

एल्मचा बोगदा, आणि एक पिवळा रंग जो नको असतो

पुलावरून उत्तरेकडे चालत निघालात की एक सरळ, रुंद वाट लागते. तिला 'द मॉल' म्हणतात. (खरेदीचा मॉल नव्हे!) दोन्ही बाजूंनी अमेरिकन एल्मच्या रांगा आणि वर फांद्यांची कमान. नोव्हेंबरात ही कमान सोन्यासारखी पिवळी होते. एल्म आपल्याला अगदीच परका नाही. आपल्याकडचा वावळा, ज्याच्या चपट्या, पंखवाल्या गोल बिया उन्हाळ्यात भिरभिरत येतात, तो याच कुळातला.

असे एल्म एकेकाळी अमेरिकेतल्या गावागावांत रस्त्याच्या कडेला होते. १९३०च्या सुमारास युरोपातून आलेल्या लाकडांबरोबर एक बुरशी आली. साल पोखरणारे भुंगेरे ती बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. झाड स्वतःला वाचवायला आपल्याच पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करतं आणि तहानेने मरतं. लाखो एल्म असे गेले. मॉलवरची रांग ही उत्तर अमेरिकेतल्या उरलेल्या मोठ्या एल्म-समूहांपैकी एक आहे. ती उरली ती नशिबाने नाही, तर राखणीमुळे. बागेची देखभाल करणाऱ्या सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी या संस्थेची माणसं उन्हाळाभर माना वर करून या झाडांकडे बघत फिरतात. कुठे एखादी फांदी जून-जुलैतच पिवळी पडली, की ती कापून टाकायची. वेळ गेलेली असेल तर अख्खं झाड काढायचं.

म्हणजे बघा, तोच पिवळा रंग नोव्हेंबरात दिसला तर लोक कॅमेरे काढतात आणि जूनमध्ये दिसला तर माळी धावतात.

मॉल संपला की पायऱ्या उतरून तुम्ही बेथेस्डा कारंज्यापाशी येता. पंख पसरलेली देवदूताची मूर्ती एमा स्टेबिन्स या शिल्पकार बाईंनी केलेली, १८७३ सालची. १८४२ मध्ये क्रोटन नदीचं स्वच्छ पाणी शहराला मिळालं त्याची ही आठवण. त्याआधी शहराने कॉलऱ्याची भयानक साथ पाहिली होती, म्हणून पाण्याला देवदूत. तळ्यापलीकडे 'रॅम्बल' नावाचं नागमोडी वाटांचं रान आहे. तिथे तुपेलो नावाचं झाड बघायला विसरू नका, त्याचा लाल म्हणजे कुंकवासारखा लाल.

रॅम्बलमध्ये दुर्बिणी लावून बसलेली माणसं भेटतील. कॅनडाकडून दक्षिणेला उडत जाणाऱ्या पक्ष्यांना खाली सिमेंटच्या समुद्रात हा एकच मोठा हिरवा तुकडा दिसतो आणि ते इथे उतरतात. २०२३ मध्ये बागेतल्या प्राणिसंग्रहालयातून सुटलेलं फ्लाको नावाचं घुबडही याच बागेत वर्षाचा बराच काळ राहिलं. जन्मभर पिंजऱ्यात राहिलेला हा पक्षी आपला आपण शिकार शिकला आणि इंटरनेटवर हिरो झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो एका इमारतीजवळ पडलेला सापडला. तपासणीत त्याच्या अंगात उंदीर मारायचं विष निघालं.

शरद म्हणजे 'ऑटम' नव्हे

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. आपल्याकडे शरदात पानं लाल का होत नाहीत?

मुंबईत सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान अकरा तासांचा. फरक सव्वादोन तासांचा. न्यूयॉर्कमध्ये जूनमधला दिवस पंधरा तासांचा आणि डिसेंबरमधला सव्वानऊ तासांचा, म्हणजे फरक जवळजवळ सहा तासांचा. तिकडच्या झाडासाठी सूर्य खरोखरच दुकान बंद करतो. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये ऊन मुबलक, जमिनीत पावसाचं पाणी मुरलेलं, झाडांची तर चंगळ चालू असते. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद, ही आपली तुडुंब हिरवी वेळ, कोजागरीच्या चांदण्याची.

आपली टंचाई थंडीची नसून पाण्याची आहे आणि ती नंतर येते. म्हणून आपली पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनाच्या आसपास. साग, पळस, पांगारा, काटेसावर ही झाडं जानेवारी ते मार्चमध्ये ओकीबोकी होतात, कारण पुढे पाऊस येईपर्यंत पाणी पुरवून वापरायचं असतं. पळस आणि सावर तर पानं टाकून त्याच बोडक्या फांद्यांवर फुलतात. तेव्हा 'ऑटम'ला शरद म्हणणं हे पाठ्यपुस्तकातलं भाषांतर झालं. तारखा जुळतात, पण ऋतू जुळत नाही.

आणि लाल रंग? तो आपल्याकडेही आहे की! फक्त उलट्या टोकाला. आंब्याची नवी पालवी आठवा, तांबूस. पिंपळाची कोवळी पानं आठवा. फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीत कोशिंबाचं झाड बघितलंत तर लांबून ते फुललंय असंच वाटतं, इतकी त्याची पालवी लालबुंद असते. तिकडे पान जाताना लाल होतं, आपल्याकडे येताना. कोवळ्या पानालाही कडक उन्हापासून छत्री लागते, आणि पहिल्या गटाच्या बाजूने माझं मत झुकतं ते यामुळेच. ज्यांना पडतानाचा लालच हवा असेल त्यांनी थंडीच्या शेवटी शाळेच्या मैदानात किंवा सोसायटीच्या फाटकाशी असलेला देशी बदाम बघावा. त्याची मोठमोठी पानं गळण्याआधी छान लाल होतात. विमानाचं तिकीट लागत नाही.

आता थोडं थांबा. इथे गाव होतं.

बागेच्या पश्चिम कडेला, ८२व्या ते ८९व्या रस्त्याच्या दरम्यान, वाट जरा चढावर जाते. ओक आणि मेपल आहेत, गवत आहे, मुलं पानांच्या ढिगात उड्या मारतात. इथे 'सेनेका व्हिलेज' नावाचं गाव होतं.

१८२५ मध्ये अँड्र्यू विल्यम्स नावाच्या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने इथे जमिनीचे तीन तुकडे १२५ डॉलरला घेतले. तो बूटपॉलिश करायचा. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्णपणे बंद झाली १८२७ मध्ये, म्हणजे हा व्यवहार त्याच्याही दोन वर्षं आधीचा. पाठोपाठ इतर कृष्णवर्णीय कुटुंबांनी आणि त्यांच्या चर्चने जमिनी घेतल्या. शहर तेव्हा खूप खाली, दक्षिणेला होतं. इथे मोकळी हवा होती, भाजी लावायला जागा होती आणि मुख्य म्हणजे खाली रोज होणारा अपमान थोडा लांब होता.

जमीन घेण्यामागे अजून एक कारण होतं. १८२१ पासून न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय पुरुषाला मतदान करायचं असेल तर त्याच्या नावावर किमान २५० डॉलरची मालमत्ता असायला हवी, असा नियम होता. गोऱ्यांना ती अट काढून टाकलेली. तेव्हा इथल्या सातबाऱ्याला, आपल्या भाषेत बोलायचं तर, मताचं मोल होतं.

१८५५ पर्यंत इथे सव्वादोनशेच्या आसपास माणसं राहत होती. साधारण दोन तृतीयांश कृष्णवर्णीय, बाकी बहुतेक आयरिश. तीन चर्च, एक शाळा, दफनभूमी. 'ऑल एंजल्स' नावाच्या चर्चमध्ये काळे आणि गोरे एकत्र प्रार्थना करत. त्या काळातल्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती.

मग जुलै १८५३ मध्ये कायदा झाला, की या जागेवर सार्वजनिक बाग होणार. आणि त्याच ऑगस्टमध्ये गावातल्या लोकांनी आपल्या एका चर्चच्या नव्या इमारतीची पायाभरणी केली. बागेची बातमी त्यांच्या कानावर आली नसेल असं वाटत नाही. तरी पाया घातला.

पुढची गोष्ट सांगायला मराठी वाचकाला फार शब्द लागत नाहीत. भूसंपादन हा शब्द आपल्याला माहीत आहे, प्रकल्पग्रस्त हा शब्दही माहीत आहे. वर्तमानपत्रांनी या वस्तीला झोपड्या म्हटलं, लोकांना घुसखोर म्हटलं. ज्यांच्याकडे खरेदीखत होतं त्यांनाही त्याच मापाने मोजलं. मालकांना मोबदला मिळाला, पण कमी मिळाल्याच्या तक्रारी झाल्या. अँड्र्यू विल्यम्सने ३५०० डॉलर मागितले, हातात आले २३३५. भाडेकरूंना तर मोबदलाच नाही. १८५७ मध्ये गाव रिकामं केलं गेलं. बागेच्या सगळ्या जागेवरून मिळून सुमारे १६०० माणसं हलवली गेली, त्यातलं हे एक गाव. पैसे मिळाले असले तरी एका ठिकाणी उभं केलेलं गाव पुन्हा दुसरीकडे एकत्र वसलं नाही. शाळा गेली, शेजार गेला.

त्यानंतर जवळजवळ सव्वाशे-दीडशे वर्षं हे गाव लोक विसरून गेले. १९९२ मध्ये रॉय रोझेनझ्वाइग आणि एलिझाबेथ ब्लॅकमार या इतिहासकारांनी बागेचा इतिहास लिहिला आणि त्यात या वस्तीची नीट नोंद घेतली, तेव्हा पुन्हा चर्चा सुरू झाली. २०११ च्या उन्हाळ्यात पुरातत्त्वज्ञांनी इथे खणलं. चर्चची व्यवस्था बघणाऱ्या विल्यम गॉडफ्रे विल्सन याच्या घराचा दगडी पाया सापडला. एक लोखंडी किटली सापडली. चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले. आणि चामड्याचा एक छोटा जोडा, लहान मुलाचा.

ज्यांना वर्तमानपत्रांनी घुसखोर म्हटलं होतं, त्यांच्या घरात चहाची किटली आणि नक्षीची भांडी होती.

आज इथे माहितीचे फलक लावलेले आहेत. त्याच बागेत, पूर्वेच्या कडेला असलेल्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये २०२१ पासून एक दालन आहे. हे गाव उठवलं गेलंच नसतं तर तिथलं आजचं घर कसं असतं, याची ती कल्पना आहे. मला विचाराल तर बेथेस्डा कारंज्यापेक्षा या चढावर पंधरा मिनिटं जास्त घालवावीत. इथे बघण्यासारखं जवळजवळ काही नाही, हे खरं. तरी घालवावीत.

उत्तरेचं रान, आणि पाऊस न पडलेला ऑक्टोबर

इथून पुढे १०६ एकरांचा मोठा जलाशय लागतो आणि त्याच्याही पुढे १००व्या रस्त्याच्या वर बागेचं उत्तर टोक. पर्यटक सहसा इथवर येत नाहीत, पाय दुखायला लागतात. पण पानगळ बघायची तर इथेच. 'द पूल' नावाचं तळं, त्यात उलटे दिसणारे लाल मेपल, मग ओढ्याकाठाने नॉर्थ वूड्समध्ये शिरणारी वाट. शहराचा आवाज जवळजवळ बंद होतो.

ओकची झाडं इथे सगळ्यात शेवटी रंगतात आणि तपकिरी-तांबडी होतात. काही कोवळे ओक तर वाळलेली पानं टाकतच नाहीत, पुढच्या वसंतापर्यंत अंगावर वागवतात. दिव्याच्या खांबाला लागून असलेली झाडंही पानं उशिरा टाकतात, कारण रात्रीच्या उजेडामुळे दिवस अजून मोठाच आहे असा त्यांचा गैरसमज होतो.

या झाडांचा हिशेब हल्ली आणखी बिघडतोय. २०२४ चा ऑक्टोबर घ्या. सेंट्रल पार्कातल्या वेधशाळेत अख्ख्या महिन्यात ०.०१ इंच पाऊस नोंदला गेला. १८६९ पासूनच्या नोंदींमध्ये एवढा कोरडा महिना दुसरा नाही. तहानलेलं झाड रंगांच्या नादी न लागता घाईने पानं टाकून मोकळं होतं. आणि खाली साचलेला वाळका पाचोळा म्हणजे सरपणच. त्या वर्षी ८ नोव्हेंबरला ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कात आग लागली आणि जवळपास दोन एकर रान जळलं. ती बागही ओल्मस्टेड आणि वॉक्सचीच. आपल्याकडे वणवा फाल्गुन-चैत्रात लागतो, हे आपल्याला पाठ आहे. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाला नोव्हेंबरात शहराच्या मधल्या बागेत वणवा विझवायची सवय नव्हती.

एरवी या पाचोळ्याचं काय होतं? हिरवळीवरची पानं गोळा करून त्यांचं खत केलं जातं. रानातली पानं मात्र बहुतेक तिथेच राहू देतात. त्याखाली किडे राहतात, किड्यांवर पक्षी जगतात आणि पुढच्या वर्षीची माती तिथेच तयार होते.

कुणी खरंच जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे करतात. त्यानंतर दुपारी पावणेपाच-पाचलाच सूर्य मावळतो, तेव्हा जेवून मग निघू असं म्हटलंत तर नॉर्थ वूड्सपर्यंत पोचेतो अंधार होईल. त्याच रविवारी न्यूयॉर्क मॅरेथॉन असते आणि तिची शेवटची रेषा याच बागेत आखलेली असते. त्या दिवशी दक्षिणेकडून आत शिरणं अवघड. ११०व्या रस्त्याला भुयारी रेल्वेतून उतरा आणि सगळी चक्कर उलटी, उत्तरेकडून दक्षिणेला मारा. सेनेका व्हिलेज तुमच्या उजव्या हाताला, ८९व्या रस्त्यापाशी लागेल. खांबावरचा आकडा बघत चला.